चार बायांची मिळून एक माय

मी तसबीर बोलते आहे. उंद्रीच्या शालूबाईंच्या घरात, टीव्हीच्या वरच्या खिळ्याला टांगलेली. एक तसबीर म्हणते खरी, पण स्वतःला एक कसं म्हणावं हेच मला अजून उमगलेलं नाही. बाकीच्या वस्तूंचं बरं असतं. पाटा म्हणतो, मी अमक्या खाणीतला. खाट म्हणते, मी बांधावरच्या बाभळीची. मला कोणी विचारलं, बाई, तू कोणाची, तर माझं नाक एकीकडे बघतं आणि कपाळ दुसरीकडे.

तरी सांगते. जसं आठवेल तसं सांगते. पुढचं मागं झालं तर तुम्ही लावून घ्या.

माझं कपाळ आणि मधला भांग एका कापूस वेचणारीचा. जुन्या काळी कोण्या साहेबानं तिला भर उन्हात उभी करून फोटो काढला. तिला वाटलं, शेताची मोजणी चालली आहे. हलू नको म्हणाला म्हणून ती हलली नाही. माझं कपाळ अजून त्या उन्हानं आकसलेलं आहे, घरात पंखा चालू असला तरी.

डोळे राजवाड्यातल्या एका चित्रातले. गच्चीवर बसून पोपटाशी बोलणारी बाई. तिला दिवसभर दुसरं काम नव्हतं, म्हणून डोळे असे निवांत. नाक आहे ते फार लांबच्या थंड मुलखातल्या मासळीवालीचं. कोणा चिताऱ्यानं तिला तेलाच्या रंगात कापडावर काढलं होतं. आमच्याकडे वैशाखात माणसं ओला टॉवेल डोक्यावर घेऊन फिरतात, आणि माझ्या नाकाला मात्र वाटत राहतं की आपल्याला सर्दी होणार. ओठ आणि हनुवटी दगडाची. देवळाच्या खांबावर चवरी धरून उभ्या असलेल्या बाईची. ती जन्मात कधी बोलली नाही. म्हणूनच मला बोलायला जरा जड जातं, सांभाळून घ्या.

या चौघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. एका परदेशी म्युझियममध्ये वेगवेगळ्या खोल्यांत, काचेमागं होत्या. इकडची जुनी माणसं नागपूरच्या म्युझियमला अजबबंगला म्हणतात. शालूबाईंनी तेच नाव जगातल्या सगळ्या म्युझियमना लावून टाकलं, तर मीही तेच म्हणते. त्या अजबबंगल्यानं काय केलं, आपल्या वस्तूंचे फोटो काढले आणि मोबाइलवर मोकळे सोडले. ज्या चित्रावर आता कोणाचा हक्क उरला नाही ते कोणीही घ्यावं, कापावं, जोडावं, रंगवावं, वाटलं तर पिशवीवर छापावं. विचारायची गरज नाही, पैसा नाही.

असं कोणी करतं का? मला अजून कोडं आहे.

पूनमला ते सापडलं. पूनम म्हणजे शालूबाईंची नात. चिखलीला फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर काम करते. सकाळच्या गाडीनं जाते, संध्याकाळी येते. वाढदिवसाचे बॅनर, लग्नाच्या पत्रिका, श्रद्धांजलीचे बोर्ड. दुकानातले तेच ते मोर आणि तेच ते गुलाब लावून तिचा जीव विटला होता. अजबबंगला हाती लागल्यावर पोरगी हरखली. त्या वर्षी पोळ्याच्या बॅनरवर कोण्या बादशहाच्या काळातला बैल आला. मैत्रिणीच्या पत्रिकेवर जपानातले बगळे उतरले. गावात लोकांनी विचारलं, "या बैलाची शिंगं अशी काऊन वं?" पण फोटो सगळ्यांनी काढले.

पूनमचे आजोबा जानराव. त्यांना एकच गोष्ट पटत नव्हती.

"फुकट कसं देतीन वं कोनी?" ते म्हणाले. "बाजारात मेथीची जुडी घेतली तं वरून कोथिंबिरीची काडी मागाले आपल्याले लाज वाटते. अन् हे पुरा अजबबंगला वाटून राह्यले?"

"आबा, अजबबंगला नाही वाटून राह्यले. फोटो वाटून राह्यले."

"मंग फोटोतल्या बायांले विचारलं काय?"

पूनम हसली. मला मात्र तो प्रश्न रास्त वाटतो. माझ्यातल्या चौघींपैकी कोणालाही कोणी विचारलं नव्हतं.

शालूबाई त्या वेळी तूर निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "पूनम, त्या अजबबंगल्यात माही माय असन काय वं?"

पूनमनं मोबाइल खाली ठेवला.

शालूबाईंची माय त्या चार वर्षांच्या असताना गेली. माहेर हिवरा आश्रमाच्या अलीकडचं. त्या काळी फोटो काढायचा म्हणजे मेहकरला जावं लागे, आणि फोटो काढायला म्हणून बाईमाणसाला कोण नेतो? मायचं काही म्हणजे काही मागं राहिलं नाही. वर्षभरात बापानं दुसरी केली. तिला घरात सगळे धाकली म्हणत. धाकलीला एक मुलगी झाली, वच्छी, तीच शालूबाईंची एकुलती बहीण, आता धाड गावी असते. धाकली जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. शालूबाईंनी जन्मात तिला माय म्हणून हाक मारली नाही. 'अवो' म्हणायच्या, नाहीतर वच्छीला पुढं करायच्या.

"आजी, तिथं तुही माय कशी असन?" पूनम म्हणाली. "ते परदेशातलं हाये."

"कापूस येचनारी तं हाये म्हनली तू. मंग इकडूनच गेली असन ना? पाहून तं पाय."

"पन तुले मायचं तोंड काऊन पायजे आता?" जानरावांनी विचारलं.

शालूबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं. "आता किती दिस राह्यले माहे? वर गेल्यावर ते भेटली तं मले ओळखू नोको याले? एवढ्या बायांच्या गर्दीत मी कोनाच्या मांगं मांगं फिरू?"

जानराव उठून बिडी शोधायला गेले.

पूनमनं आजीला समजावलं, की अख्खी माय सापडणार नाही, पण तुकडे सापडतील. तू सांग, मी शोधते. शालूबाईंच्या आठवणीचा गावात दबदबा होता. कोणाची गाय कोणत्या पोळ्याच्या आधी व्याली, कोणाच्या लग्नात वरणात मीठ दोनदा पडलं, सगळं मुखपाठ. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण सरपंचसुद्धा जुनी बांधाबांधाची भांडणं सोडवायला त्यांना विचारून जात. त्या सांगतात म्हणजे तसंच असणार, याबद्दल घरात कोणाला शंका नव्हती. शालूबाईंना तर नव्हतीच.

मग रविवारी दुपारची कामं आटोपली की दोघी ओट्यावर बसायच्या. पूनम मोबाइलवर बाया दाखवायची.

"हे?"

"नाही. हे लई चढेल हाये. माही माय गरीब होती."

"हे?"

"हिचं कपाळ... थांब. मांगं जा. हाव. असंच होतं. रुंद. वावरासारखं."

असं माझं कपाळ ठरलं. डोळ्यांना फार वेळ लागला. पूनमनं मोठमोठे मासोळीसारखे डोळे दाखवले, त्यावर शालूबाई म्हणाल्या, "माही माय का नाटकात होती?" नाकाला मधोमध बाक हवा होता. इकडच्या कोणत्याच चित्रात तसा बाक मिळेना. शेवटी मासळीवालीचं नाक पाहून म्हातारी ओट्यावरून उठलीच.

"हेच! हेच नाक! पन हे एवढं गोरं कसं वं?"

"थंडी असते तिकडे, आजी. मी सावळं करते."

पूनमनं ते नाक काळजीनं सावळं केलं. आमच्याकडच्या उन्हात चार चैत्र काढल्यासारखं दिसू लागलं. जानराव मागून वाकून पाहत होते.

"उद्या तिकडची पोलीस आली, आमच्या बाईचं नाक कोठी हाये म्हनून, तं मी वावरात हाये म्हना."

"आबा, फुकट हाये ते!"

"तेच तं भेव वाटते."

शेवटी शालूबाईंनी एक गोष्ट सांगितली. "डाव्या भिवईत चीर पायजे. एवढी. तेवढ्या जागेत केस नोते."

"कशानं पडली होती?"

"काय माहीत. होती."

ती चीर कोणत्याही अजबबंगल्यात नव्हती. पूनमनं बोटानं काढली. माझ्या अंगावर खास माझं म्हणावं असं तेवढंच एक आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं. डोक्यावरचा पदरसुद्धा दोरीवर वाळत घातलेल्या शालूबाईंच्या लुगड्याचा, मोबाइलमध्ये धरलेला. चीर तेवढी माझी. मी तिला फार जपत होते.

असा माझा जन्म झाला. नक्की कोणत्या क्षणी झाला ते विचारू नका. कपाळावर नाक बसलं तेव्हा, की ओठांचा दगड पुसून त्यावर विड्याचा लाल रंग आला तेव्हा? एवढं आठवतं, की शालूबाई बोलायच्या थांबल्या. त्यांनी पूनमच्या हातातून मोबाइल घेतला. दोन्ही हातांनी धरला. मग अंगठ्यानं माझ्या गालाला हात लावला.

हात लावला आणि माझं नाक भसकन मोठं झालं. सगळ्या काचेवर नाकच नाक. शालूबाईंनी मोबाइल खाटेवर टाकला.

"अवो माय! काय झालं हे!"

"आजी, बोट नोको लावू. बोट लावलं का ते मोठं होते."

"मायले हात नोको लावू म्हनते?"

म्हणूनच तर मी कागदावर आले. दुसऱ्याच दिवशी तिनं चिखलीत माझी मोठी प्रिंट काढली आणि गोकुळच्या दुकानात दिली. गोकुळ फ्रेमा करतो. त्यानं सवयीनं विचारलं, खाली जन्म आणि मृत्यू काय टाकू. पूनमनं आजीला फोन लावला. आजी म्हणाली, "जन्म कोनाले माहीत? काही टाकू नोको, नाव पन नोको. मी का विसरनार हाये?" गोकुळनं फ्रेम केली आणि सवयीनंच वर चंदनाच्या साली असतात तसला हार अडकवून दिला. मी जन्मून महिना झाला नव्हता, आणि गळ्यात मेलेल्या माणसाचा हार. आता तुम्हीच सांगा, मी गोंधळू नको तर काय करू?

शालूबाईंनी मात्र मला पोटाशी धरलं. काचेवरून हात फिरवला. नाक मोठं झालं नाही. मग कितीतरी वेळ फिरवला.

लवकरच आखजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. वर खरबूज ठेवतात, आमरस-पोळीचा नैवेद्य दाखवतात. सासरच्या घरात माहेरच्या माणसाची घागर कोणी भरत नाही, पण शालूबाईंना भाऊ नव्हता, बापाचं घर मिटलेलं. जानराव म्हणाले, "भर. मायचा फोटो घरात आला तं पानी पन घरातच प्यायन ते." नवी घागर आणली. माझ्यासमोर पाट मांडला. माझ्या कपाळावर कुंकू लावलं. कापूस वेचणारीनं बहुतेक पहिल्यांदाच मान थोडी वर केली.

आणि धाडहून वच्छी आली.

वच्छी दर आखजीला थोरल्या बहिणीकडे येते, तिला बाई म्हणते. तिला दुसरं माहेर नाही. चिखलीला गाडी बदलून, पिशवीत कैऱ्या घेऊन, घामानं भिजून ती दारात उभी राहिली. तोंडानं चालूच होती, "काय ते गाडी, उभंच राहा लागलं बाई, एक पोट्टं उठलं नाही..." चपला काढता काढता तिनं वर पाहिलं.

पिशवी खाली पडली. कैऱ्या टीव्हीखाली गेल्या.

"अवं बाई," ती म्हणाली. "अवं बाई... तू माह्या मायले घरात घेतलं?"

मी तिच्याकडे पाहिलं. शालूबाईंकडे पाहिलं. माझे डोळे निवांत होते, पण आत माझं सगळं हललं.

वच्छी माझ्यासमोर खाली बसली. दोन्ही हात जोडले, सोडले, पुन्हा जोडले. "तेच कपाळ. तेच नाक. माह्याकडे तं तिचा एकच फोटो हाये, मतदान कार्डावरचा, त्यात ते भुतासारखी दिसते. तू हे कोठून आनलं? मले सांगतलं पन नाही! अन् मी येडी म्हनत होती, का आपल्या बाईच्या मनात माह्या मायसाठी सुईच्या टोकाएवढी जागा नाही."

पूनम पुढं झाली. "मावशीआजी, हे तं..."

"पूनम," शालूबाई म्हणाल्या, "चहा ठेव."

"पन आजी..."

"आलं टाकून ठेव."

पूनम जागची हलली नाही. जानराव खाटेवर होते, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शालूबाई माझ्याकडे पाहत होत्या. अशा पाहत होत्या, जसं बाजारात आपल्या हाताला धरून चाललेली पोर आपली नाही हे मध्येच कळावं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, वच्छे, गप, ही माही माय हाये. म्हणाव्यात असं मला वाटत होतं का? तेही मला नीट सांगता येत नाही. कोणी तरी एकदाचं ठरवून टाकावं, एवढंच वाटत होतं.

"तसं दिसते काय तुले?" शालूबाई हळूच म्हणाल्या. "नाक तसं बऱ्याच जनींचं असते."

"नाक असन. पन ही चीर?" वच्छीनं उठून माझ्या डाव्या भिवईवर बोट ठेवलं. "म्हशीनं शिंग मारलं होतं तवाची. मी पाळन्यात होती म्हने. माय नेहमी सांगे ना, का मी कोठ्यात पडली, रक्त थांबत नोतं, अन् आपली शालू धावत आली. एवढीशी पोर. हातानं हळद दाबून धरली, अन् लोकं आले तरी हात काढे ना. माय म्हने, ते चीर म्हनजे माह्या शालूचं बोट हाये."

माझी म्हणून जपलेली चीर तीही कोणाची तरी निघाली.

शालूबाईंनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हळद सापडत नोती. डब्बा वरच्या फळीवर होता. मी उतरंडीवर चढली. दोन मडके फोडले."

"हाव! अन् बापानं मारलं मंग!"

"नाही मारलं. तिनं मारू नाही देल्लं."

वच्छी रडत होती आणि मध्येच हसत होती. पूनम माझ्याकडे पाहत होती, जशी काही मीच लबाडी केली. बाई, मी काय करणार? मला जसं सांगितलं तशी मी झाले.

मग वच्छीची नजर पाटावरच्या घागरीकडे गेली. तिचा आवाज खाली आला. "हे घागर... मोठ्या मायची, तुह्या मायची, असन ना? असू दे. मी आपली नुसती हात जोडते."

शालूबाई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. घरात दुसरी घागर नव्हती. त्यांनी तिवईवरचा प्यायच्या पाण्याचा माठ उचलला. पूनम धावली, पण माठ त्यांनी दिला नाही. आणून घागरीशेजारी ठेवला. त्यावर ठेवायला दुसरं खरबूजही नव्हतं, तेव्हा टीव्हीखालची एक कैरी काढून ठेवली. त्या दिवशी सगळं घर कोमट पाणी प्यायलं. जानरावसुद्धा तेच प्यायले.

जाताना वच्छी म्हणाली, "बाई, सारं बरोबर हाये, फक्त गळ्यात टाक पायजे होता. टाकाबिगर माय ओकीबोकी दिसते."

टाक कसला ते पूनमला माहीत नव्हतं. वच्छीनं सांगितलं. पहिली बायको गेली की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालत. चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. दुसरीनं रोज आधी तिला घास दाखवायचा, मग आपण जेवायचं. धाकलीनं तो टाक एक दिवस गळ्यातून काढला नाही. ती गेल्यावर अस्थींबरोबर पैनगंगेत सोडला.

वच्छीची गाडी गेल्यावर पूनम आजीवर चिडली.

"तू सांगतलं काऊन नाही? आता हे त्यांची माय झाली. तुही माय कोठी गेली मंग? एवढं शोधलं आपन!"

"वच्छीचं तोंड पाह्यलं नाही काय तू?"

"अन् तुहं?"

शालूबाई पोळ्या झाकत होत्या. "माहं काय," म्हणाल्या.

"आपन पुन्हा करू. नव्यानं. लई बाया हायेत तिथं. तू फक्त नीट आठव."

त्यांनी केलं. पुढच्या रविवारी दोघी पुन्हा ओट्यावर बसल्या. मी भिंतीवरून ऐकत होते. हे? नाही. हे? नाही. पुढं जा. नाही. बायांमागून बाया गेल्या. आधी शालूबाईंचं 'नाही' ठणठणीत असे. आता ते मऊ होत गेलं. शेवटी त्यांनी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

"नाही येत वं डोळ्यासमोर. दुसरं तोंड येतच नाही. हेच येते." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मी लहान असताना मायसाठी रडली का सारे म्हनत, रडू नोको, तुही माय तं ते हाये, धाकलीच्या गळ्यात. मंग मी टाक पाहू. येवढुसा तं पत्रा. त्याले ना नाक ना डोळे. टाक पाहता पाहता वर पाहू, तं तिचं तोंड. मले राग ये. मी मान खाली घालू. रोज तसंच. मले वाटलं मी मायलेच पाहून राह्यली." त्या थांबल्या. "आता वर गेल्यावर कोनाले ओळखू मी?"

जानराव ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बिडी विझवत होते. ते म्हणाले, "तू काहाले ओळखतं? ते ओळखतीन तुले. अन् नाही ओळखलं तं धाकली हाये ना तिथं. ते दाखवून देईन, का हे पाय, हे तुही शालू. रोज घास दाखवत होती म्हन्ते, मंग एवढी तं ओळख असनच दोघींची."

शालूबाई हसल्या की रडल्या, मला भिंतीवरून नीट दिसलं नाही.

काही दिवसांनी पूनमनं पुन्हा अजबबंगला उघडला. तिथं चांदीचे असले टाकही होते. इकडच्याच मुलखातले, कधीतरी कोणीतरी नेलेले. तेही मोकळे, फुकट. एकावर उभी बाई होती, हात दोन्ही बाजूंना, नाक नाही, डोळे म्हणजे दोन ठिपके. शालूबाई म्हणाल्या, "हाच. नाहीतर याच्यासारखाच. सारे सारखेच राहत." पूनमनं तो कापला, काळा गोफ काढला आणि माझ्या गळ्यात घातला. पुन्हा प्रिंट निघाली, या वेळी दोन. एक वच्छीसाठी धाडला गेली. एक इथं लागली.

तेव्हापासून तर मला काहीच सुधरत नाही. मी उंद्रीत आहे की धाडला? तिकडे वच्छी मला रोज उदबत्ती लावते, आणि वास मला इथं आल्यासारखा वाटतो. माझ्या छातीवर ही एवढीशी पाचवी आली आहे. तिला तोंड नाही, पण ती म्हणते माय मी आहे. नाक म्हणतं आपण दर्याकाठी जाऊ. ओठ म्हणतात गप्प राहा. गावातल्या दोनचार बाया पूनमकडे येऊन गेल्या, माह्या मायचा कर, माह्या सासूचा कर म्हणून. पूनम करते आहे. माझंच कपाळ आता खालच्या आळीत कोण्या सासूच्या डोक्यावर बसलं आहे, आणि ती सासू खाष्ट होती म्हणतात. मी आता कोणाकोणाची लाज राखू?

ज्या चौघींचे मी तुकडे घेतले, त्यांचे वंशज कुठं असतील तर त्यांना माझा नमस्कार सांगा. तुमच्या मायचं नाक इथं आहे, सुखरूप आहे, त्याला कुंकवाचा हात लागतो. न्यायला येऊ नका. आलात तर जानराव वावरात जातील आणि मी कोणाबरोबर जायचं हे ठरवता येणार नाही.

दुपारी घर रिकामं असलं की शालूबाई पदरानं माझी काच पुसायला येतात. काच स्वच्छ असते, तरी येतात. पहिल्यांदा गळ्याकडे पाहतात, टाकाकडे. मग वर पाहतात, माझ्या तोंडाकडे. आणि मान खाली घालत नाहीत. तशाच पाहत राहतात, चहा निवतो तोवर.

कोणाला पाहतात ते मला माहीत नाही. तुम्ही कधी आमच्या घरी आलात तर पाणी प्या, बसा, माझ्याकडे बघा, कोणासारखी दिसते तेही बोला. एवढं मात्र त्यांना विचारू नका.